चार नंबरची खरखर

फोन आला तेव्हा मी केडगावच्या आठवडी बाजारात मेथीच्या जुडीवरून भाजीवालीशी हुज्जत घालत होते. सकाळची गर्दी, मागून कोणाचा तरी टेम्पो हॉर्न वाजवत येतोय, त्यात नसरीनचा आवाज नीट ऐकू येईना. "सिस्टर, अब्बा गेले," ती म्हणाली. उभ्या नोकरीत मी कितीतरी मरणं जवळून पाहिली, घरच्यांना सांगायचं कामही बहुतेक वेळा माझ्याच वाट्याला यायचं, तरी मी बावळटासारखं विचारलं, "कुठं?" तिनं नुसतं पुन्हा 'अब्बा' म्हटलं. मग मला कळलं. जुडी खाली ठेवली... आणि खरं सांगते, डोळ्यांसमोर रशीदभाईंचा चेहरा आला नाही. आला तो पांढऱ्या चिकटपट्टीचा बोटभर तुकडा, त्यावर निळ्या पेनानं लिहिलेलं: '४ – खरखर – सिस्टर'.

त्याला आता चाळीस दिवस होऊन गेले. रशीद तांबोळी घशाच्या कॅन्सरनं गेले हे राहू-केडगावपासून भीमेपलीकडं मांडवगणपर्यंत सगळ्यांना माहीत आहे. तो ओळखायला उशीर का झाला, हे मात्र आम्हा दोघींनाच माहीत आहे, मला आणि त्यांच्या मुलीला, नसरीनला. तिनं ते कोणाला सांगितलेलं नाही. मी आज सांगतेय. रशीदभाईंच्या बायकोला, मुमताजभाभींना, हे कोणीतरी वाचून दाखवेलच. दाखवू दे.

मी राहूच्या उपकेंद्रात आरोग्यसेविका होते. निवृत्त होऊन काही वर्षं झाली, तरी अख्खं गाव मला सिस्टरच म्हणतं. रशीदभाईंची ओळख पोलिओच्या डोसांपासूनची. रिक्षावर भोंगा बांधून ते वाड्यावस्त्यांवर दवंडी देत फिरायचे. मूळचे मांडवगण फराट्याचे, पण राहूत येऊन स्पीकर-माईक भाड्यानं द्यायचा धंदा टाकलेला. काय आवाज होता! खालचा, भरलेला, रिकाम्या रांजणात तोंड घालून बोलावं तसा घुमणारा. त्या आवाजामागं पोरं आपण होऊन उपकेंद्रापर्यंत चालत यायची आणि सुई-औषध बघितल्यावर मग रडायची. आडनाव तांबोळी असून पानाला कधी हात लावला नाही, बिडी मात्र सुटायची नाही. ती मी भांडून भांडून सोडवली. या गोष्टीचा मला फार अभिमान होता, चारचौघांत सांगायचे मी.

आणखी एक गोष्ट आधीच सांगून टाकते, कारण ती मला तेव्हाही माहीत होती. मांडवगणला त्यांचा थोरला भाऊ होता. त्याच्या घशाचं ऑपरेशन झालं, आवाज काढून घेतला, आणि वर्षाच्या आत तो गेला. त्या वर्षभरात लोक त्याच्याशी मोठ्यानं ओरडून बोलायचे, जणू तो मुका नव्हे, बहिरा झालाय. रशीदभाई हे एकदाच बोलले माझ्याजवळ. "कापलं न्हाई तर माणूस जगतंय की मरतंय, ते अल्लाला ठावं. पर कापलं की मरतंय, ह्ये म्या बघितलंय, सिस्टर." मी त्यांना झापलं होतं, की उशिरा दाखवलं म्हणून मेला, कापलं म्हणून नव्हे. त्यांनी ऐकून घेतलं. पुन्हा तो विषय त्यांच्या घरात कोणी काढला नाही.

स्पीकरच्या गोदामामागं त्यांची एक खोली होती. भिंतींना वरपासून खालपर्यंत वाकळा ठोकलेल्या, त्यांच्या आईनं शिवलेल्या. आत गेलं की आपलाच आवाज आपल्याला नवखा वाटायचा, सगळा घुमारा वाकळा पिऊन टाकायच्या. पलीकडं गुऱ्हाळ. चरकाचा आवाज भिंतीतून यायचा, म्हणून रेकॉर्डिंग व्हायचं ते दुपारी, गुऱ्हाळवाले भाकरी खायला बसले की. भजनी मंडळं, जागरण-गोंधळवाले, निवडणुकीतली गाणी, शाळेची स्वागतगीतं, सगळं त्या तासा-दीड तासात उरकायचं. पुण्यातला कुठलासा जुना स्टुडिओ बंद पडला तेव्हा रशीदभाईंनी तिथला मिक्सर उचलून आणला. सोळा माईक एका वेळी लागतील असा, लाकडाच्या चौकटीतला, नुसतं लोखंड. टेम्पोतून उतरवायला सहा माणसं लागली. मिक्सर आलाय म्हणून शेजारणी बघायला जमल्या, आणि मुमताजभाभी दारातून म्हणाल्या, "एवढ्यात काय गावजेवणाची चटणी वाटायची हाय? घरातल्या मिक्सरचं भांडं गळतंय, त्ये बघा आधी." रशीदभाई महिनाभर त्या खोलीतून बाहेर आले ते फक्त जेवायला आणि नमाजाला.

पुढं कॉम्प्युटर आला. नसरीननंच तो त्यांना शिकवला. पुण्याचे लोक म्हणायला लागले, आता ते धूड मोडीत घाला, माईकची वायर सरळ कॉम्प्युटरला लावा, आवाज आरशासारखा स्वच्छ येतो. रशीदभाईंनी दोन्ही ठेवलं. माईकमधला आवाज आधी मिक्सरमध्ये जायचा, त्या लोखंडातून आणि तांब्याच्या वेटोळ्यांतून फिरून मग कॉम्प्युटरात पडायचा. या वाटेला ते 'वळसा' म्हणत. आणि थेट कॉम्प्युटरात घातला तर 'सरळ'. मी एकदा विचारलं, शेवटी दोन्हीकडून आवाज कॉम्प्युटरातच जातो, आकडेच होतात त्याचे, मग वळसा कशाला? मांडवगणचे किसनआबा भजन रेकॉर्ड करायला आले होते, त्यांना रशीदभाईंनी एकच अभंग दोनदा म्हणायला लावला, एकदा सरळ, एकदा वळशानं. मग हेडफोन माझ्या कानाला लावले.

सरळमधले आबा आधारकार्डावरच्या फोटोसारखे होते. आबाच, शंका नाही, पण भेटल्यासारखं वाटेना. हलणारा दात, ओठांची चपचप, श्वास कुठं तुटला ते, सगळं पुढ्यात मांडून ठेवल्यासारखं. वळशातले आबा मात्र जवळ येऊन बसले. छातीतला आवाज वर आलेला, वरच्या सुराची धार गोल झालेली, जिथं ते जोर लावत होते तिथं आवाज फाटायच्या ऐवजी जाड होत होता. मी हेडफोन काढून आबांकडं बघितलं, पुन्हा लावले. "ह्येच खरं आबा," मी म्हणाले. रशीदभाई हसले. "खरं त्ये पयलं. लोखंड आवाजाला जरा धरून ठिवतं, सिस्टर, आन् मग सोडतं. त्या धरण्यात टोकं घासून निघत्यात. ह्यो मिक्सर खोटं बोलतो. पर मायेनं बोलतो." मी तेव्हा हसले. आता हे वाक्य आठवलं की अंगावर काटा येतो.

त्या खोलीत बसून मी ऐकायला शिकले. मिक्सर चालू केला की अर्धा तास तापू द्यायचा. आवाज दाखवणारे काटे थरथरून खाली बसायचे, आणि एक बारीक घुं सुरू व्हायची, कानापेक्षा तळव्याला जास्त कळणारी. रशीदभाई लाकडावर हात ठेवून बसायचे, तापाच्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा. एका माईकचा आवाज शेजारच्या माईकच्या वाटेत थोडासा उतरतो, त्याला ते 'झिरपणं' म्हणत. फक्त आबांची वाट उघडी ठेवली तरी मागं पुसट मृदंग ऐकू यायचा. "जुनं घर हाय, भिती पातळ हायेत," ते म्हणायचे. निवृत्तीनंतर मी आठवड्यातून एकदा तरी केडगावहून राहूला जायचेच. नवरा म्हणायचा, त्या मिक्सरात तुझं काय दळण अडकलंय?

आणि पट्टीचा नियम. मिक्सरमध्ये कुठल्या वाटेत काही बिघाड झाला, की रशीदभाई दवाखान्यातल्या पांढऱ्या चिकटपट्टीचा तुकडा त्या नंबरखाली लावायचे. पट्टीचा पहिला रोल मीच दिला होता, आणि तो मेडिकलमधून विकत आणलेला होता, उगाच कोणी उपकेंद्राच्या नावानं बोट दाखवू नये. पट्टीवर तीन गोष्टी लिहायच्या: नंबर, दुखणं, आणि ज्याला ते पहिल्यांदा ऐकू आलं त्याचं नाव. '९ – मधेच बंद – आबा.' '१२ – सूं सूं – नसरीन.' दुरुस्ती झाली की त्याच माणसाला बोलावून ऐकवायचं, आणि त्याची खात्री पटली की पट्टी त्यानंच काढायची. दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही, खुद्द रशीदभाईंनीसुद्धा नाही. एकदा आबा दोन महिने आजारी होते, तर नऊ नंबर दुरुस्त होऊनही पट्टी तशीच. "ज्याच्या कानाला खुपलं त्याच्याच कानानं सुटलं पायजे," असं त्यांचं म्हणणं. माझ्या नावाची पट्टी त्या मिक्सरवर एकदाच लागली.

दीडेक वर्षापूर्वीची गोष्ट. गुऱ्हाळांचा हंगाम होता, सगळ्या शिवारात धूर आणि काकवीचा वास. निवृत्त झाले तरी आरोग्य खात्याची सवय सुटत नाही. गावोगावच्या रिक्षांवरून वाजवायला कॅन्सरच्या लक्षणांची ध्वनिफीत करायची होती, आणि नव्या सिस्टरला बोलायचा संकोच, म्हणून मला बोलावलं. मी दोन नंबरच्या माईकवर. रशीदभाई मधल्या काचेपलीकडं, मिक्सरपाशी, चार नंबरच्या माईकवर. प्रत्येक वेळी रेकॉर्डिंग सुरू करताना त्यांचं एक ठरलेलं वाक्य असायचं, मागाहून तुकडे शोधायला सोपं जावं म्हणून: "चार नंबर बोलतोय... सिस्टर, पयल्यांदा." मग मी वाचायची. "तीन आठवड्यांहून जास्त दिवस आवाज बसलेला असेल, गिळताना टोचत असेल, तर घरगुती उपाय करत बसू नका, दवाखान्यात दाखवा." माझी जीभ 'गिळताना'वर अडखळायची, मग पुन्हा. चार नंबर बोलतोय, सिस्टर, दुसऱ्यांदा. तिसऱ्यांदा. ती ओळ मी सात वेळा म्हटली. सातही वेळा ते समोर बसून, कानाला हेडफोन लावून ऐकत होते.

मग ऐकून बघायला मी त्यांच्या बाजूला जाऊन बसले. त्यांचं "चार नंबर बोलतोय" आलं आणि माझे कान टवकारले. शब्दाच्या कडेला वाळू घासल्यासारखं काहीतरी. दुसऱ्या वेळेसही. सातव्या वेळेस तर स्पष्ट. मला केवढा आनंद झाला! इतकी वर्षं ऐकायला शिकत होते, आणि आज त्यांच्या आधी मला बिघाड सापडला होता. मी विजयानं म्हणाले, "रशीदभाई, तुमचा चार नंबर खरखरतोय."

त्यांनी आवाज थांबवला. माझ्याकडं न बघता काट्याकडं बघत राहिले. "खरखरतोय?"

"हो. माझा दोन नंबर बघा की किती स्वच्छ आहे. चार नंबरच गेलाय."

गुऱ्हाळवाल्यांची जेवणं आटपली असावीत, चरक पुन्हा सुरू झाला. वाकळांमधून त्याची घरघर आत येत होती. रशीदभाई म्हणाले, "व्हय. असल." मग पट्टीचा तुकडा दातानं तोडला, त्यावर लिहिलं आणि तो चिकटवला. '४ – खरखर – सिस्टर.' मी पर्स उचलली आणि पाचची गाडी गाठायला निघाले. त्या दिवशी माझ्या तोंडचं सात वेळा म्हटलेलं वाक्य त्या खोलीत एकाच माणसासाठी होतं, आणि मीच त्याला ते विसरायला जागा करून दिली.

पुढचे पाच-सहा महिने चार नंबरची दुरुस्ती चालली होती. दाढ उपटावी तसा तेवढाच भाग उपसून त्यांनी टेबलावर मांडला. कंडेन्सर बदलले. तारांच्या जोडांना कथलाचे नवे डाग दिले. पितळी टोकं घासून चकचकीत केली. प्रत्येक वेळी भाग परत बसवायचा, आणि मला म्हणायचे, "ऐका, सिस्टर." मी हेडफोन लावायची, ते माईकमध्ये बोलायचे, "चार नंबर बोलतोय," आणि मी मान हलवायची, अजून आहे. पुन्हा महिन्याभरानं. अजून आहे, वाढलीये उलट. दोन्ही कानांत नळ्या घातलेली सिस्टर रोग्याच्या घशाचं ऐकत होती, आणि दरवेळी निदान मिक्सरचं सांगत होती. एकदा मीच सुचवलं की माईक पाच नंबरला लावून बघा. लावला. पाच नंबरवरही तीच खरखर. मला तेव्हा एक क्षण शंका आली, हे मी नाकारणार नाही. ते म्हणाले, "झिरपतंय." आणि झिरपणं म्हणजे काय ते मला ठाऊक होतं, म्हणून मी शहाण्यासारखी मान डोलावली.

किसनआबांना मशिनमधलं काही कळत नाही. त्यांनी एका दुपारी चहा पिता पिता सरळ विचारलं, "रशीद, घसा बसलाय का रं तुझा?"

"न्हाई आबा. मशिनचं हाय त्ये."

"आरं, मशिन कुठाय? आत्ता तू माझ्याम्होरं बसून बोलतुयास."

रशीदभाईंनी माझ्याकडं बघितलं. ती नजर मी अजून विसरलेले नाही... काय होतं तिच्यात ते आजही सांगता येत नाही. मी म्हणाले, "आबा, गुऱ्हाळाचा धूर खाऊन सगळ्यांचेच घसे बसलेत. आणि चार नंबरचं वेगळं, ते मी ऐकलंय." आबांनी उरलेला चहा बशीत ओतला. सिस्टरच्या पुढं कोण बोलणार? समोरासमोर बोलताना मला त्यांचा आवाज ऐकू येत नव्हता का? येत होता. पण एकदा बिघाड मशिनचा ठरवला की माणूस त्याच कानानं सगळं ऐकतो. चैत्राच्या उन्हात गळ्याला मफलर, हातात सतत कोमट पाण्याचा तांब्या, भाकरी दुधात कुस्करून खाणं. हे सगळं एखाद्या अनोळखी बाईनं येऊन आपल्या नवऱ्याबद्दल सांगितलं असतं, तर मी तिला त्याच दिवशी पुण्याला पाठवलं असतं.

शेवटी नसरीन सुट्टीला घरी आली, मोरीत रक्ताची थुंकी बघितली आणि बापाला गाडीत घालून पुण्याच्या हॉस्पिटलात घेऊन गेली. मी दुसऱ्या दिवशी पोचले. डॉक्टरांचं बोलणं झालेलं होतं. स्वरयंत्र काढावं लागणार होतं, आणि तेवढ्यानं भागेल असं कोणी म्हणत नव्हतं. बाकावर मुमताजभाभी बसल्या होत्या. माझा हात धरून म्हणाल्या, "सिस्टर, तुमी तर तपासलं व्हतं ना? मी रोज म्हणायची, घसा दाखवा, घसा दाखवा. तर म्हणायचे, सिस्टरनी ऐकलंय, काळजीचं न्हाई म्हणल्यात." भाभींच्या डोळ्यांत आरोप नव्हता, नुसता गोंधळ होता, शाळेच्या घंटेनं एकदम चुकीचा टोल दिला असं ऐकल्यासारखा. मी काहीच बोलले नाही. न बोलणं म्हणजे हो म्हणणंच होतं, आणि भाभींनी ते तसंच घेतलं असणार.

ऑपरेशननंतर रशीदभाई दहा महिने होते. गळ्याला भोक, त्यावर जाळीचं कापड आणि तीच पांढरी चिकटपट्टी. सांगायचं असेल ते पट्टीवर लिहून समोरच्याच्या तळहातावर चिकटवायचे. मिक्सर मात्र सोडला नाही. आबांचं भजन त्यांनी त्यातही दोनदा रेकॉर्ड केलं, सुरुवातीच्या वाक्याऐवजी पेन्सिलीनं लाकडावर ठोके मारायचे, पहिल्यांदाला एक, दुसऱ्यांदाला दोन. माझी शेवटची भेट त्याच खोलीतली. दुखणं फुप्फुसात उतरलं होतं, खुर्चीत जेमतेम बसत होते. मला बघून खूष झाले, पट्टी तोडली, लिहिलं आणि माझ्या तळहातावर लावली. '४ नंबर गप्प झाला.' आणि खांदे हलवत हसायला लागले, आवाजाशिवाय. मला हसता येईना. मी रागावले, असले विनोद करत जाऊ नका म्हणाले. मग त्यांनी दुसरा तुकडा लिहिला. 'पट्टी काढायची?' मिक्सरवरच्या त्या जुन्या पट्टीकडं बोट केलं, आणि माझ्याकडं बघत राहिले, उत्तराची वाट बघत. मला वाटलं गंमत चाललीये. "आधी बरे व्हा," मी म्हणाले, "मग ऐकून बघू." त्यांनी डोळे मिटून मान हलवली.

परवा चाळिसावा होता. जेवणं झाली, पाहुणे पांगले, भांड्यांचा आवाज थांबला, तेव्हा नसरीननं मला खोलीत बोलावलं. बापाचा कॉम्प्युटर ती साफ करत होती. एका फोल्डरात दोनच तुकडे निघाले होते, 'सरळ' आणि 'वळसा'. "ऐका, सिस्टर," ती म्हणाली, अगदी बापासारखं. मी हेडफोन लावले. आधी वळसा. "चार नंबर बोलतोय. रशीद." तीच खरखर, मी ओळखलेली, जाड, गोलावलेली. मग सरळ. "चार नंबर बोलतोय. रशीद." मिक्सर नाही, लोखंड नाही, वायर थेट कॉम्प्युटरात. आणि ती खरखर... पत्र्यावरून खिळा ओढावा तशी. अक्षरं मधेच तुटत होती, 'र' नुसता हवेचा होता. मिक्सरनं खरखर घातलेली नव्हतीच. तो ती झाकत होता, टोकं घासत होता, जमेल तेवढी. ज्यानं झाकलं त्यालाच आम्ही सहा महिने खोलून ठेवलं.

नसरीननं तुकड्यांवरची तारीख दाखवली. माझ्या नावाची पट्टी लागल्यानंतर चौथा दिवस. म्हणजे चौथ्या दिवशी रशीदभाईंना कळलं होतं. आवाज ऐकण्यात ज्याचं आयुष्य गेलं, तो माणूस दुपारी गुऱ्हाळ थांबल्यावर एकटा त्या खोलीत बसला, स्वतःचा आवाज दोन वाटांनी ऐकला, आणि त्याला समजलं. भावासारखं कापतील, भावासारखे आपण जाऊ, हे भय त्यानंतर रोज त्यांच्याबरोबर त्या खुर्चीत बसलेलं होतं. आणि त्यानंतर मी दर महिन्याला जाऊन, हेडफोन लावून, त्यांना सांगत होते की नाही नाही, मशिनचंच आहे. मला त्यांचा भयंकर राग आला. माणसानं इतकं भ्यावं? मग कळलं की मी रागावलेय ते माझ्यावर. त्यांना लपायचं होतं, हे खरं. पण जागा दाखवली ती मी, आणि बाहेरून कडीही मीच घातली.

"आईला यातलं ठाऊक नाही," नसरीन म्हणाली. "आणि मिक्सर आम्ही ठेवतोय. मी इथंच काम करणार आहे." मग तिनं मिक्सर चालू केला. आम्ही तो तापायची वाट बघत बसलो. काटे थरथरले, खाली बसले, घुं सुरू झाली. इतक्यात मुमताजभाभी चहा घेऊन आल्या. दारात थबकल्या, मिक्सरकडं बघितलं आणि म्हणाल्या, "सिस्टर, ती पट्टी तेवढी काढा आता. त्येंचा नेम हाय, तुमच्याबिगर कुणी हात लावायचा न्हाई. मी पुसताना बी कडंनं पुसती."

नसरीन माईकपाशी गेली. मी हेडफोन लावले. "चार नंबर बोलतेय," ती म्हणाली. "नसरीन."

तिच्या जन्माच्या वेळचं पहिलं रडणं मी ऐकलेलं आहे, मीच तिला हातात घेतलं होतं. तसाच आवाज कानात उतरला, भरलेला, उबदार, कडेला एक कण नाही. सोळा नंबरांत इतका स्वच्छ दुसरा कुठला नसेल. वर्षभर नवे कंडेन्सर, नवे डाग घेऊन तो तसाच बसून होता. मी नख पट्टीच्या कडेखाली घातलं. कड सुटली. शाई फिकी झालेली, पण तीनही गोष्टी वाचता येत होत्या, नंबर, दुखणं आणि माझं नाव. भाभी कपबशी हातात धरून वाट बघत होत्या.

मी अंगठ्यानं कड पुन्हा दाबून बसवली. माझ्या कानातून ते सुटलेलं नव्हतं.

"अजून खरखरतोय," मी म्हणाले.

नसरीनच्याही कानाला हेडफोन होते. तिनंही तेच ऐकलं होतं. ती माझ्याकडं न बघता काट्याकडं बघत राहिली.

"व्हय, सिस्टर," ती म्हणाली. "असल."